वाकड्या भिंतींमधला प्रवाह सिम्युलेट करायचाय? आधी सेल बंद होतोय का ते बघा

चौकोनी डब्यातला प्रवाह सिम्युलेट करणारा कोड बऱ्याच जणांनी कधी ना कधी लिहिलेला असतो, वरचं झाकण सरकतंय, आत एक मोठा भोवरा फिरतोय, आकडे तक्त्याशी जुळतायत. तो चालला की वाटतं आता फक्त भिंत गोल करायची, बाकी सगळं तेच. आणि गाडी नेमकी तिथेच रुतते. माझी तीन महिने रुतली होती, आणि नंतर कळलं की अडचण फ्लुइडची नव्हतीच, भूमितीची होती. म्हणून हे सगळं ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने लिहितेय. फायनाइट व्हॉल्यूम म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे आणि पायथन किंवा सी प्लस प्लसमध्ये ॲरे हाताळता येतात एवढं धरून चालते. बोलणं २डीवरच ठेवते, ३डीमध्ये जिथे वेगळं होतं ते जाता जाता सांगेन.

त्रास नेमका कुठे आहे

इनकॉम्प्रेसिबल (घनता न बदलणाऱ्या) प्रवाहात प्रेशरला स्वतःचं समीकरणच नसतं. वेगाला आहे, बल आणि त्वरणाचं. वस्तुमानाला आहे, जेवढं आत तेवढंच बाहेर. पण प्रेशर पुढच्या क्षणी किती असेल हे सांगणारं काहीच नाही, ते दर क्षणी असं काही ठरतं की प्रत्येक ठिकाणचा डायव्हर्जन्स (बाहेर गेलेलं वजा आत आलेलं) शून्य राहावा. हिशोब केला की यातून पॉइसन समीकरण निघतं, आणि पॉइसनचा स्वभाव असा की एका कोपऱ्यात केलेली चूक त्याच क्षणी अख्ख्या डोमेनमध्ये पोचते. कॉम्प्रेसिबल कोडमध्ये भिंतीपाशी काही गडबड झाली तर ती निदान आवाजाच्या वेगाने पसरते, इथे तेवढीही सवड नाही. म्हणून वाकड्या भिंतीजवळच्या एका सेलचा हिशोब थोडा जरी चुकला तरी लांब कुठेतरी प्रेशर विचित्र दिसतं आणि आपण भलत्याच ठिकाणी बग शोधत बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीवरचं घर्षण. चौकोनी ग्रिडवर गोल काढला तर जिना तयार होतो. जिन्याच्या पायऱ्या कितीही बारीक केल्या तरी पायऱ्यांची एकूण लांबी परिघाएवढी होत नाही, व्यास एक असलेल्या वर्तुळाचा परिघ ३.१४ आणि जिन्याचा मात्र कायम ४. भिंतीवरचा शिअर (घर्षणाचा ताण) या लांबीवर बेरीज करून ड्रॅग (प्रवाह वस्तूला ज्या बलाने ओढतो ते) काढणार असाल तर उत्तर कुठे जाणार हे उघड आहे.

कुठली वाट धरायची

ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली, भिंतीला चिकटून वाकणारं ग्रिड, म्हणजे बॉडी-फिटेड. दुसरी, ग्रिड सरळच ठेवायचं आणि भिंत त्यातून आरपार जाऊ द्यायची, इथे इमर्स्ड बाउंड्री (भिंतीचं बल आजूबाजूच्या सेलमध्ये पसरवायचं) आणि कट-सेल (भिंतीने सेल कापायचे) ही दोन घराणी आहेत. तिसरी, त्रिकोणांचं अनस्ट्रक्चर्ड मेश आणि त्यावर फायनाइट एलिमेंट किंवा फायनाइट व्हॉल्यूम.

माझं मत स्पष्ट आहे: भिंत हलत नसेल आणि आकार गुळगुळीत असेल (सिलिंडर, वळलेला पाइप, एअरफॉइल) तर बॉडी-फिटेडच करा, कारण भिंतीपाशी पातळ थर रचता येतात आणि शिअर मनासारखा मिळतो. भिंत हलत असेल, लवचिक असेल, तर इमर्स्ड बाउंड्री. पेस्किनने १९७२ मध्ये ती हृदयाच्या झडपांभोवतीच्या रक्तप्रवाहासाठीच काढली होती, आणि तिथे दर क्षणाला नवं मेश बनवणं म्हणजे हातपाय गाळायची वेळ. आकार फारच गुंतागुंतीचा असेल तर स्वतः कोड लिहू नका, तयार अनस्ट्रक्चर्ड सॉल्व्हर घ्या. पण आत काय चालतं ते समजलेलं असलं की तयार सॉल्व्हरसुद्धा बरा वापरता येतो, म्हणून पुढचं सगळं पहिल्या वाटेवरून.

पायरी १: ग्रिड आणि फेस

पहिलं डोमेन म्हणून सरळ दोन समकेंद्री वर्तुळांमधली कडी घ्या. आतली त्रिज्या १, बाहेरची २. एक इंडेक्स गोल फिरणारा, दुसरा त्रिज्येच्या दिशेने. फिरणारा इंडेक्स शेवटी परत सुरुवातीला जोडायचा असतो, तिथे मोड्युलो वापरा आणि ० अंशाचे बिंदू दोनदा साठवू नका, दोनदा साठवलेला एकच बिंदू आज ना उद्या दोन वेगळ्या किमती दाखवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्रिडमध्ये खरी माहिती फक्त एकच असते, सेलच्या कोपऱ्यांचे एक्स आणि वाय. बाकी सगळं, फेसची लांबी, नॉर्मल, सेलचं क्षेत्रफळ, हे त्या कोपऱ्यांमधूनच काढायचं. फेसच्या दोन टोकांच्या वायमधला फरक हा फेस व्हेक्टरचा एक्स भाग, आणि एक्समधला फरक उलट चिन्हाने हा वाय भाग. बस. लांबी आणि नॉर्मल यात एकत्रच येतात. क्षेत्रफळ दोन कर्णांच्या क्रॉस प्रॉडक्टचं अर्धं.

हे इतकं ठासून का सांगतेय? कारण मी हे केलं नव्हतं. मला वाटलं वर्तुळ आहे, सूत्र माहीत आहे, मग फेसची लांबी त्रिज्या गुणिले डेल्टा थीटा आणि नॉर्मल म्हणजे मधल्या कोनाचे कोसाइन-साइन, जीवेपेक्षा हे जास्त अचूक असणार. दिसायला खरंच जास्त अचूक आहे. पण एका सेलच्या चारही फेसचे व्हेक्टर बेरीज करून बघा. बाहेरच्या आणि आतल्या कमानीची मिळून बेरीज येते डेल्टा आर गुणिले डेल्टा थीटा, आणि बाजूच्या दोन सरळ फेसची उलट दिशेने येते डेल्टा आर गुणिले दोन गुणिले साइन (डेल्टा थीटा भागिले दोन). हे दोन आकडे एकमेकांना खात नाहीत, थोडं उरतं. म्हणजे सेल बंदच होत नाही, त्याला एक फट राहते.

फट केवढी? एकसारखा सरळ वाहणारा प्रवाह घ्या, वेग सगळीकडे १, दिशा एक्स. त्याचा डायव्हर्जन्स शून्यच असणार. पण या फटीमुळे कोड म्हणतो की डायव्हर्जन्स आहे, डेल्टा थीटाचा वर्ग भागिले २४ आर, गुणिले कोसाइन थीटा. गोलात ६४ सेल असतील तर डेल्टा थीटा ०.०९८, आणि आतल्या वर्तुळापाशी हा खोटा डायव्हर्जन्स साधारण ०.०००४. आकडा लहान वाटतो, पण तो राउंड-ऑफसारखा वर-खाली होत नाही, दर टाइमस्टेपला त्याच जागी त्याच चिन्हाने हजर असतो, वर्तुळाच्या एका बाजूला पाणी जन्माला येतंय आणि दुसऱ्या बाजूला नाहीसं होतंय अशा थाटात. मग प्रोजेक्शन स्टेप (प्रेशर वापरून वेगातला डायव्हर्जन्स काढून टाकणारी, पायरी ३ मध्ये येईल) तो खोटा डायव्हर्जन्स काढायला जाते आणि त्या नादात सरळ जाणारा प्रवाह वाकवून ठेवते. मी प्रेशर सॉल्व्हरचा टॉलरन्स कमी करत राहिले, दहाचा उणे सहावा घात, मग आठवा, मग दहावा, आणि उत्तर जागचं हललं नाही, कारण सॉल्व्हर चुकीचा प्रश्न अगदी बरोबर सोडवत होता.

कोपऱ्यांमधून, म्हणजे जीवा धरून काढलं तर चारही व्हेक्टरची बेरीज आपोआप शून्य येते, बंद बहुभुजाच्या बाजू फिरून त्याच बिंदूला येतात म्हणून. आणि जीवा धरल्याने भूमिती किती बिघडते? ६४ बाजूंच्या बहुभुजात जीवा आणि कमान यातलं जास्तीत जास्त अंतर त्रिज्येच्या ०.००१२ पट, आणि सेल दुप्पट केले की ते पावपट होतं. सेकंड ऑर्डर पद्धतीला हे पुरेसं आहे. हायर ऑर्डर करणार असाल, स्पेक्ट्रल एलिमेंट वगैरे, तर मात्र सरळ कडा चालत नाहीत, एलिमेंटची कडाच वाकडी घ्यावी लागते, नाहीतर आतली सगळी ऑर्डर भिंतीपाशी वाया जाते. आणि ३डीमध्ये फेस सपाट असेलच असं नसतं, तिथे चारही कोपरे एका प्रतलात नसतात, म्हणून फेस व्हेक्टर दोन कर्णांच्या क्रॉस प्रॉडक्टने काढा, म्हणजे तिथेही सेल बंद राहतो.

तर पहिली टेस्ट हीच. एकही समीकरण सोडवायच्या आधी एकसारखा वेग टाका, प्रत्येक सेलचा डायव्हर्जन्स काढा, सगळ्यात मोठा आकडा छापा. तो दहाचा उणे चौदावा-पंधरावा घात असायला हवा. उणे पाचवा आला तर पुढे जाऊ नका.

पायरी २: वेग कुठल्या रूपात साठवायचा

इथे मोह होतो पोलर समीकरणं वापरायचा, रेडियल वेग आणि थीटा वेग. नुसत्या कडीसाठी ते उत्तम चालतं. पण वाकड्या अक्षांबरोबर जास्तीच्या टर्म्स येतात, थीटा वेगाचा वर्ग भागिले आर, दोन्ही वेगांचा गुणाकार भागिले आर, व्हिस्कस भागात आणखी दोन, आणि ग्रिड वर्तुळ सोडून दुसऱ्या आकाराचं झालं की या टर्म्सचं जंगल होतं. त्यातली एक टर्म जरी विसरली तरी कोड चालतो, दिसायलाही बरं दिसतं, फक्त उत्तर चुकतं.

त्यापेक्षा वेगाचे भाग कार्टेशियनच ठेवा, यू आणि व्ही, ग्रिड कसंही वाकलं तरी, आणि सेलच्या मध्यावर साठवा. त्याच्या जोडीला प्रत्येक फेसवर एक वेगळा आकडा ठेवा, फ्लक्स, म्हणजे फेसमधून दर सेकंदाला किती पाणी गेलं. वेग व्हेक्टर डॉट फेस व्हेक्टर. वस्तुमानाचा हिशोब फक्त फ्लक्सवर चालतो, गतीचा हिशोब मध्यावरच्या यू-व्हीवर. हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ मध्ये जे स्टॅगर्ड ग्रिड आणलं त्याचा फायदाही फेसवर नॉर्मल वेग ठेवण्यातच होता, इथे आपण तोच फायदा फ्लक्सच्या रूपात घेतोय. झांग, स्ट्रीट आणि कोसेफ यांनी १९९४ मध्ये वाकड्या ग्रिडसाठी हीच मांडणी सविस्तर दाखवली, आणि माझ्या मते स्वतःचा कोड लिहिणाऱ्यासाठी ती सगळ्यात सरळ आहे.

फ्लक्स वेगळा न ठेवता नुसतं मध्यावरच्या वेगाने आणि प्रेशरने काम केलं तर काय होतं? सेलच्या मध्यावरचा प्रेशर ग्रेडियंट शेजारच्या दोन सेलमधून निघतो, स्वतःच्या प्रेशरला विचारतच नाही, मग एक आड एक सेलमध्ये प्रेशर वर-खाली असं बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायला लागतं आणि कोडला त्यात काही वावगं वाटत नाही.

पायरी ३: टाइमस्टेप

कोरिनने १९६८ मध्ये आणि तेमामने १९६९ मध्ये मांडलेली प्रोजेक्शन पद्धत, पुढे किम आणि मोइन यांनी १९८५ मध्ये सुधारलेली, तीच इथे. एका टाइमस्टेपमध्ये काम असं चालतं.

आधी जुनं प्रेशर धरून यू आणि व्ही पुढे न्या. कन्व्हेक्शन ॲडम्स-बॅशफर्थने (आत्ताचं दीडपट वजा मागच्याचं अर्धं), डिफ्यूजन क्रँक-निकोल्सनने. यातून जो वेग मिळतो त्याला तात्पुरता म्हणू, त्याचा डायव्हर्जन्स शून्य नसतो. मग हा तात्पुरता वेग दोन शेजारच्या सेलमधून फेसवर इंटरपोलेट करा आणि फेस व्हेक्टरशी डॉट करून तात्पुरता फ्लक्स काढा. भिंतीच्या फेसवर इंटरपोलेट करायचं नाही, तिथे फ्लक्स आपल्याला माहीतच आहे, शून्य. आता प्रेशर दुरुस्तीसाठी पॉइसन सोडवा, उजव्या बाजूला फ्लक्सची बेरीज भागिले डेल्टा टी. मिळालेल्या दुरुस्तीचा ग्रेडियंट फेसवर काढून, डेल्टा टीने गुणून फ्लक्समधून वजा करा, आणि तसाच सेलच्या मध्यावर काढून यू-व्हीमधून वजा करा. शेवटी जुन्या प्रेशरमध्ये दुरुस्ती मिळवा, आणि त्यातून न्यू (व्हिस्कॉसिटी भागिले घनता) गुणिले डेल्टा टी भागिले दोन गुणिले दुरुस्तीचा लाप्लासियन वजा करा. ही शेवटची वजाबाकी बरेच जण गाळतात, पण ती गाळली तर भिंतीपाशी प्रेशरची ऑर्डर घसरते, ब्राउन, कोर्टेझ आणि मिनियन यांनी २००१ मध्ये ते नीट उलगडून दाखवलंय.

एक लक्षात ठेवा, या पद्धतीत शून्य डायव्हर्जन्स फ्लक्सचा होतो, मध्यावरच्या वेगाचा नाही. मध्यावरच्या वेगातून डायव्हर्जन्स काढून बघाल तर थोडा उरलेला दिसेल आणि उगाच घाबराल. तपासायचा तो फ्लक्सचा.

पायरी ४: पॉइसन, जिथे खरं काम आहे

सरळ ग्रिडवर फेसवरचा ग्रेडियंट म्हणजे दोन सेलमधला फरक भागिले अंतर. वाकड्या ग्रिडवर दोन सेल जोडणारी रेघ फेसला काटकोनात असेलच असं नाही. मग ग्रेडियंटचे दोन भाग होतात, एक त्या रेघेच्या दिशेचा, दुसरा फेसच्या बाजूने जाणारा, ज्याला क्रॉस टर्म म्हणतात, आणि त्यासाठी फेसच्या दोन्ही टोकांवरच्या प्रेशरची किंमत लागते, जी आजूबाजूच्या चार सेलच्या सरासरीतून येते. त्यामुळे पाच बिंदूंचा स्टेन्सिल (एका सेलच्या समीकरणात येणारे सेल) नऊचा होतो.

क्रॉस टर्म गाळून बघायचा मोह होईल, मॅट्रिक्स सुटसुटीत होते, कोड पटकन पळतो. पण मग जो लाप्लासियन तुम्ही सोडवताय तो लाप्लासियनच नाही, ग्रिड कितीही बारीक केलं तरी चूक कमी होत नाही. गाळायचीच असेल तर मॅट्रिक्समधून गाळा पण उजव्या बाजूला मागच्या फेरीच्या किमतीने टाका आणि दोन-तीन फेऱ्या मारा. ओपनफोम या तयार सॉल्व्हरमध्ये नॉन-ऑर्थोगोनल करेक्टर म्हणून जो आकडा द्यावा लागतो तो हाच फेऱ्यांचा आकडा, आणि त्याचं मेश तपासणारं चेकमेश ७० अंशांच्या वर तिरपेपणा गेला की इशारा देतं तेही याचसाठी.

आणि नियम असा, कुठल्याही परिस्थितीत मोडायचा नाही: पॉइसनच्या मॅट्रिक्समध्ये फेसवरचा ग्रेडियंट ज्या सूत्राने काढला, फ्लक्स दुरुस्त करताना तेच सूत्र, क्रॉस टर्मसकट. दोन ठिकाणी दोन वेगळी फंक्शन लिहूच नका. एकच फंक्शन असू दे, प्रेशर दिलं की फेस फ्लक्स परत करणारं, आणि मॅट्रिक्ससुद्धा त्यातूनच बनवा. मग डायव्हर्जन्स सॉल्व्हरच्या टॉलरन्सएवढा खाली येतो, दुसरं काही होऊच शकत नाही.

भिंतीवर प्रेशर दुरुस्तीची अट म्हणजे नॉर्मल ग्रेडियंट शून्य. कोडमध्ये ती अट लिहायचीच नसते, त्या फेसचा फ्लक्स बेरजेत घेऊ नका, झालं. सगळ्या भिंती अशा असल्या की मॅट्रिक्स सिंग्युलर होते, प्रेशरमध्ये कुठलाही स्थिरांक मिळवला तरी चालतो. उपाय म्हणून बरेच जण एका सेलचं प्रेशर शून्यावर खिळवतात. मला ते आवडत नाही, उजव्या बाजूच्या बेरजेत काही शिल्लक असेल तर ती सगळी त्या बिचाऱ्या एका सेलवर येऊन पडते आणि तिथे टोक दिसतं. त्यापेक्षा उजव्या बाजूची बेरीज छापून बघा (फेस बंद असतील तर ती राउंड-ऑफएवढीच असते), आणि सॉल्व्हरच्या प्रत्येक फेरीत सरासरी वजा करा.

सॉल्व्हर कुठला? कडीचं ग्रिड थीटामध्ये एकसारखं असेल तर थीटामध्ये एफएफटी आणि आरमध्ये ट्रायडायगोनल, क्षणात होतं. ग्रिड पिळलेलं असेल तर क्रॉस टर्ममुळे भिंतीपाशी मॅट्रिक्सची सिमेट्री मोडू शकते, तेव्हा साधा कॉन्ज्युगेट ग्रेडियंट डोळे झाकून लावू नका, बायसीजीस्टॅब घ्या, प्रीकंडिशनर म्हणून मल्टिग्रिड. भिंतीपाशी सेल खूप चपटे असतील तर मल्टिग्रिडच्या आत बिंदूवार गाउस-सायडेल ढेपाळतो, भिंतीला काटकोनातली अख्खी ओळ एकदम सोडवणारं लाइन रिलॅक्सेशन वापरा.

पायरी ५: टेलर-कुएट, कागदावरच्या उत्तराशी गाठ

आतलं वर्तुळ कोनीय वेग १ ने फिरतंय, बाहेरचं थांबलेलं. याचं उत्तर हाताने निघतं: थीटा वेग = क गुणिले आर अधिक ख भागिले आर. आपल्या त्रिज्यांसाठी क म्हणजे −१/३ आणि ख म्हणजे ४/३. आतल्या भिंतीवर १, बाहेरच्यावर ०, मधोमध आर १.५ ला ०.३८८९. बाहेरच्या आणि आतल्या भिंतीच्या प्रेशरमधला फरक, घनता १ धरून, ०.२१७२. आणि आतलं वर्तुळ फिरवायला लागणारा टॉर्क, एकक लांबीमागे, १६.७५५ गुणिले व्हिस्कॉसिटी.

हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी तपासतात. वेग चुकला तर डिफ्यूजन चुकलंय. वेग बरोबर पण प्रेशरचा फरक चुकला तर कन्व्हेक्शन किंवा ग्रेडियंट, कारण इथे प्रेशर पूर्णपणे गोल फिरणाऱ्या पाण्याला आत ओढून धरण्यासाठीच आहे. दोन्ही बरोबर पण टॉर्क चुकला तर भिंतीवरचा शिअर काढायची पद्धत चुकलीय, बहुतेक वेळा सेलच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर तिरकं मोजलेलं असतं, ते नॉर्मलच्या दिशेनेच मोजायचं. न्यू ०.१ घेऊन शांत पाण्यापासून सुरुवात केलीत तर ३० एकक वेळात प्रवाह पूर्ण स्थिर होतो. टेलरचे प्रसिद्ध भोवरे इथे दिसणार नाहीत, ते अक्षाच्या दिशेने बनतात आणि आपण तो अक्ष घेतलेलाच नाही.

पण सावधान, साध्या पोलर ग्रिडवर ही टेस्ट फार सोपी आहे. सगळं काटकोनात, क्रॉस टर्म शून्य, म्हणजे जी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते तीच तपासली जात नाही. म्हणून ग्रिडला पीळ द्या. प्रत्येक थर त्याच्या त्रिज्येप्रमाणे थोडा फिरवा, ०.१५ रेडियन गुणिले साइन पाय गुणिले (आर वजा १). दोन्ही भिंतींवर फिरणं शून्य, मध्ये जास्त, आणि बाहेरच्या भिंतीपाशी रेघा जवळपास ४३ अंशांनी तिरप्या होतात. भौतिक प्रश्न तोच, उत्तर तेच, फक्त ग्रिड वाकडं. आता थीटामध्ये ३२, ६४, १२८ सेल आणि त्या प्रमाणात त्रिज्येत, अशा तीन ग्रिडवर चूक काढा. दर वेळी चूक पावपट व्हायला हवी. अर्धीच होत असेल तर कुठेतरी फर्स्ट ऑर्डर घुसलंय, बहुतेक भिंतीपाशी. होतच नसेल तर क्रॉस टर्म.

इथे हात आखडता घेऊ नका. या टेस्टवर घालवलेला आठवडा पुढचे दोन महिने वाचवतो हे मी अगदी मनापासून सांगतेय.

पायरी ६: टाइमस्टेप किती मोठा

सेलमधून बाहेर जाणाऱ्या सगळ्या फ्लक्सची बेरीज गुणिले डेल्टा टी भागिले सेलचं क्षेत्रफळ, हा आकडा ०.५ च्या खाली ठेवा. डेल्टा एक्स वगैरे शोधत बसायचं कारण नाही, वाकड्या सेलला डेल्टा एक्स नसतोच. डिफ्यूजन एक्सप्लिसिट केलंत तर भिंतीजवळच्या थराची जाडी निम्मी केली की टाइमस्टेप चौथा हिस्सा होतो, म्हणून निदान भिंतीला काटकोनातली दिशा इम्प्लिसिट करा. कडीऐवजी भरीव वर्तुळ असेल तर केंद्रापाशी सेल सुईच्या टोकासारखे होतात आणि टाइमस्टेपचा जीव जातो, तिथे मध्ये चौकोनी ग्रिड आणि भोवती कडी अशी जोडणी करा.

पायरी ७: सिलिंडरभोवतीचा प्रवाह

आता खरी परीक्षा. व्यास १ चा सिलिंडर, बाहेरच्या सीमेची त्रिज्या ५०. सेल जवळपास चौरस ठेवायचे असतील तर त्रिज्या गुणोत्तराने वाढवा. गोलात १२८ सेल घेतले तर प्रत्येक थर आधीच्यापेक्षा सुमारे ५ टक्के जाड, आणि ०.५ पासून ५० पर्यंत पोचायला ९४ थर. पहिला थर ०.०२५ जाड. रेनॉल्ड्स नंबर (जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) १०० ला भिंतीचा थर साधारण ०.१, म्हणजे त्यात जेमतेम चार सेल. मला हे कमी वाटतं, २५६ घ्या.

बाहेरच्या वर्तुळावर एकच अट लावता येत नाही, अर्ध्या भागातून पाणी आत येतं, अर्ध्यातून बाहेर जातं. जिथे आत येतं तिथे वेग ठोकून द्या, जिथे बाहेर जातं तिथे वाहून नेणारी कन्व्हेक्टिव्ह अट. आणि पॉइसनच्या आधी बाहेर जाणारे सगळे फ्लक्स एका आकड्याने गुणून एकूण बेरीज शून्य करा. हे विसरलं की पॉइसनला उत्तरच नसतं आणि सॉल्व्हर फिरत राहतो.

रेनॉल्ड्स ४० ला प्रवाह स्थिर हवा, मागे दोन जुळे भोवरे, त्यांची लांबी सव्वादोन व्यासांच्या आसपास, ड्रॅग कोइफिशंट दीडच्या आसपास, त्यातला साधारण दोन तृतीयांश प्रेशरचा आणि उरलेला घर्षणाचा. हे दोन भाग वेगवेगळे छापा, बेरीज बरोबर आणि भाग चुकलेले असंही होतं. प्रवाह ४७ च्या आसपास अस्थिर होतो. १०० ला भोवरे आळीपाळीने सुटतात, स्ट्रोहाल नंबर (भोवरे सुटण्याची वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग) सुमारे ०.१६५, सरासरी ड्रॅग १.३३ ते १.३५. कोड फार सिमेट्रिक असेल तर भोवरे सुटायला खूप वेळ लागतो, सुरुवातीला सिलिंडर क्षणभर थोडा फिरवा आणि सोडून द्या. ड्रॅग जास्त येत असेल तर ग्रिडकडे बघायच्या आधी बाहेरची सीमा लांब नेऊन बघा.

यापेक्षा काटेकोर तुलना हवी असेल तर शेफर आणि टुरेक यांची १९९६ ची बेंचमार्क घ्या. २.२ लांब आणि ०.४१ उंच चॅनल, त्यात ०.१ व्यासाचं वर्तुळ (०.२, ०.२) वर, म्हणजे मध्यापासून किंचित खाली. रेनॉल्ड्स २० ला ड्रॅग कोइफिशंट ५.५७९५, लिफ्टचा (प्रवाहाला आडव्या बलाचा) ०.०१०६. हा लिफ्टचा आकडा इतका लहान आहे की भूमितीतली कुठलीही हयगय त्यात लगेच दिसते, ड्रॅग तीन अंकांपर्यंत जुळलेला असताना लिफ्ट दुप्पट आलेली मी बघितलीय.

इमर्स्ड बाउंड्री करणार असाल तर

वरच्या टेस्ट जशाच्या तशा लावा, त्याच कडीवर. पेस्किनच्या पद्धतीत भिंतीचं बल दोन-चार सेलमध्ये पसरवतात, त्यामुळे भिंतीपाशी फर्स्ट ऑर्डरच मिळते, ते गृहीत धरा. जास्तीची एकच गोष्ट तपासा: भिंतीतून पाणी झिरपतंय का. भिंतीवर बिंदू घेऊन तिथला नॉर्मल वेग इंटरपोलेट करा आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा दर शंभर टाइमस्टेपला छापा. कट-सेलमध्ये झिरपत नाही पण कापून उरलेले चिंगुळके सेल टाइमस्टेप खाऊन टाकतात, ते शेजारच्या मोठ्या सेलमध्ये मिसळून टाका, आणि मिसळल्यावर फेस व्हेक्टरची बेरीज पुन्हा करा. एकसारख्या वेगाची टेस्ट तिथे हमखास एकदा तरी पडते, बहुतेक वेळा दोन सेलमधला जुना फेस यादीत तसाच राहिलेला असतो.